बांध नसलेलं पळसवडे

लोणावळ्याला जाऊन आलो असं सांगितलं की नाशकातली माणसं दोनच प्रश्न विचारतात. चिक्की आणली का, आणि धुकं होतं का? चिक्की आणली होती, ती शेजाऱ्यांनी संपवली. धुकं नव्हतं, कारण वैशाख होता. दोन्ही प्रश्न मिटले, तेव्हा आता आम्ही खरं कशासाठी गेलो होतो ते सांगतो. सांगताना थोडी बढाई होईल. ज्यांना ती सोसत नाही त्यांनी इथंच थांबावं.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि माझी पत्नी शालिनी चित्रं काढते. बाईमाणूस चित्रं काढतं म्हटलं की लोकांना उशीच्या अभ्र्यावरचा मोर आठवतो. ही मुंबईच्या चित्रशाळेत रीतसर शिकलेली आहे. डोंगर, नदी, झाड, माणूस हिला हुबेहूब काढता येतं, आणि हल्ली त्यातलं काहीच ती काढत नाही. तिच्या निसर्गचित्रांत नुसते रंग असतात. एक पट्टा दुसऱ्यात उतरतो, मधेच एखादा काळा डाग बसलेला असतो. हे काय म्हणून विचारलं तर कधी ‘संध्याकाळ’ म्हणते, कधी ‘आम्ही गाव सोडलं तो दिवस’ म्हणते. मला त्यातलं कळतं असा दावा मी कधी केलेला नाही. पण चित्र भिंतीला असलं की खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटतं, आणि मला तेवढं पुरतं.

गेल्या हिवाळ्यात वाचनालयाच्या दालनात तिची चित्रं मांडली होती. एक वकील मान तिरकी करून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “हे उलटं तर टांगलं नाही ना?” मी म्हणालो, “नाही. पण आपण शीर्षासन करून पाहिलंत तरी हरकत नाही.” सगळे हसले, हीसुद्धा हसली. पण त्यानंतर रंगांची पेटी माळ्यावर गेली ती खाली आलीच नाही.

ती खाली काढली एका निरोपानं. शालिनीचा जन्म मावळातल्या पळसवडे गावचा. तिचे वडील तिथं पंतोजी होते. ही लहान असताना वीज कंपनीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. हे लोक नाशकाला आले, बाकीचं गाव वर डोंगराच्या अंगाला बसलं. आता तिथं भैरवनाथाच्या नव्या देवळाचा सभामंडप पुरा झाला होता, आणि वडिलांचे जुने स्नेही हुसेनआबा मुलाणी यांनी ओळखीच्या माणसाकरवी सांगून पाठवलं होतं: “पंतोजीची लेक चित्रं काढती म्हणं. मंडपाच्या भिताडाला आमचं जुनं गाव काढून दे म्हणावं. बघितलेली माणसं हायेत तवर.”

गाडीत बसल्यावर शालिनी म्हणाली, “हे बघा, वकिलांना कळलं नाही, ते ठीक आहे. पण माझ्याच गावाला गाव ओळखू आलं नाही, तर मी ही पेटी मिटणार. मग घरी आल्यावर कुणी आग्रह करायचा नाही.”

कुणी म्हणजे मीच. मी मान डोलावली आणि खिडकीतून घाट पाहू लागलो.

लोणावळे

लोणावळ्याला उतरलो तेव्हा हमालानं ट्रंक आपटली आणि आतली पिवडीची पुडी फुटली. पिवडी म्हणजे पिवळी रंगमाती. ती माझ्या तिन्ही धोतरांना समान न्यायानं लागली. खाणावळीचा मालक माझ्याकडे पाहून म्हणाला, “काय साहेब, हळद आजच लागली वाटतं?” पुढचे सगळे दिवस मी नवरदेवासारखा पिवळा हिंडलो.

संध्याकाळी रीतीप्रमाणे कड्यावर गेलो. मुंबईची मंडळी टांग्यातून उतरून दरीकडे बोटं दाखवत होती. मी सह्याद्रीचे थर कसे बनले ते समजावून सांगायला सुरुवात केली. दोन अनोळखी गृहस्थही ऐकायला थांबले. शालिनी मात्र दरीकडे पाठ करून तिथल्या धरणाच्या पाण्याकडे पाहत होती.

परत येताना बाजारात एका दुकानात मुंबईकरांसाठी काचेच्या चौकटीतली चित्रं लावलेली दिसली. तळं, तळ्यात लाल सूर्य, काठावर झोपडी. तिनं दुकानदाराला विचारलं, “या तळ्याखाली काय आहे?”

“खाली?” तो बुचकळ्यात पडला. “खाली काय असणार बाई, पाणीच.”

तिनं काही विकत घेतलं नाही. चिक्की घ्यायची ती मी घेतली.

कामशेतहून पुढं

कामशेत स्टेशनावर हुसेनआबा बैलगाडी घेऊन उभे होते. डोक्याला पटका, पांढरी दाढी, अंगात बंडी. शालिनीला पाहिल्याबरोबर ओरडले, “यमे! आगं, केवढी झालीस!”

मी मागं वळून पाहिलं. ही यमी कोण? आणि पाहतो तर माझी पत्नी पायरी विसरून उडी मारून खाली उतरली होती आणि म्हणत होती, “आबा, तुमी लय म्हातारं दिसाया लागला!”

आमच्याकडे लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची रीत आहे. मी ‘शालिनी’ लिहिलं होतं. बरेच दिवस विचार करून निवडलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. आधीचं नाव यमुना होतं हे ठाऊक होतं, पण ‘यमी’ आणि हे ‘लय’ मला नवीन होतं. घरी ती माझ्यापेक्षा शुद्ध बोलते.

जेवण हुसेनआबांच्या कामशेतातल्या घरी झालं. आमच्या नाशकात मुसलमानाच्या घरी जेवलो म्हटलं असतं तर माझ्या आत्यांनी आठवडाभर पाणी सोडलं असतं. आत्यांनी हे वाचलं तर वाचू दे. भात वाढला आणि सगळं घर घमघमलं. आंबेमोहर. आम्ही बाजरीची माणसं, भाताला शेवटी ताकाबरोबर जागा देणारी. इथं भातच पहिला, भातच शेवटचा, आणि मधल्या आमटीकडे कुणी लक्ष देत नाही. आबांनी मला चौथ्यांदा वाढलं. मी नको म्हणालो तर म्हणाले, “गावचा जावई हाये तुमी. न्हाई म्हनायचा हक्क आमी दिलाच न्हाई.”

उन्हं कलल्यावर गाडी निघाली. वडिवळे गावाच्या पुढं रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. उघड्या पिवळ्या रानात जागोजाग काळेभोर चौकोन दिसत होते. मला वाटलं वणवा लागून गेला. शालिनीनं सांगितलं, हा राब. पाला, काटक्या, शेण जमिनीवर पसरून भाजतात, आणि पुढं त्याच जागेत भाताचं बी टाकतात. तिनं गाडी थांबवली, उतरून एका राबाची मूठभर राख उचलली आणि नाकाशी नेली. हाताला लागलेलं काळं तिनं गाव येईपर्यंत पुसलं नाही.

नवं पळसवडे

आमचा मुक्काम धोंडिबा आणि त्यांची बायको सगुणामावशी यांच्याकडे होता. समोरच्या घरात धोंडिबांचे चुलतभाऊ तात्याबा. दोघेही साठीच्या पलीकडचे. दोघांचं अंगण एक, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मला त्याचा प्रत्यय आला. तात्याबांची गाय आमच्या अंगणात आली. धोंडिबा पडवीच्या खांबाकडे वळून म्हणाले, “खांबा, सांग त्याला, गाय बांध म्हनावं.” समोरून उत्तर आलं, तेही तिकडच्या खांबाला उद्देशून. गाय आपली मुकाट्यानं घरी गेली.

“कशावरून वाजलं?” मी विचारलं.

सगुणामावशी भाकरी थापत होत्या. “बांधावरनं,” त्या म्हणाल्या. “जुन्या गावात दोगांची खाचरं लागून व्हती. ह्यो म्हनं त्यानं बांध कोरला, तो म्हनं ह्यानं कोरला.”

बांध कोरणं म्हणजे दरसाल नांगरताना शेजाऱ्याच्या बाजूनं मूठभर मूठभर बांध खात जाणं. हा गुन्हा आमच्याकडेही होतो, मोसम नदीपासून गोदावरीपर्यंत. “पण मावशी, ती खाचरं तर आता पाण्यात आहेत.”

“व्हय की. बांध बुडाला. भांडान तेवढं वर आलं आमच्यासंगं.”

दोघं समोरासमोर शेवटचं बोलले त्याला गाव बुडाल्याला झाली तितकीच वर्षं झाली होती.

रात्रीच्या जेवणाआधी मंडळी जमली, चित्रासाठी गाव कसं होतं ते सांगायला. हे काम माझं, असं मी ठरवलं. मोठा कागद पसरला, वर उत्तर दिशा मांडली आणि विचारलं, “वरची आळी कुठं?”

“वर,” सगळे म्हणाले.

मी ती कागदावर वर काढली. तात्याबा वाकून पाहू लागले आणि भडकले. “आमची आळी डोंगरावर नेऊन घातली व्हय?”

बऱ्याच आरडाओरड्यानंतर उलगडा झाला. इथं ‘वर’ म्हणजे नदी येते ती बाजू, पश्चिम. ‘खाली’ म्हणजे नदी जाते ती. आणि कोकणात जायचं तर मात्र पश्चिमेलाच ‘खाली’ उतरायचं. भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकात हे नाही, पण कागद मी निमूट फिरवला.

त्यानं काही सुधारलं नाही. देवळाचं तोंड एकानं पिंपळाकडे सांगितलं, दुसऱ्यानं नदीकडे. एकाचं घर मी दोन खणांचं काढलं, तो म्हणाला चार खणांचं होतं. एकाचं काढायचंच राहिलं, तो उठून गेला. पाच माणसांनी पाच गावं सांगितली आणि प्रत्येकाचं खरं होतं. शालिनी कोपऱ्यात बसून ऐकत होती. हातात पेन्सिल होती, पण एक रेघही तिनं मारली नाही.

तळ्यात

सकाळी हुसेनआबा आम्हाला पाण्याकडे घेऊन गेले. वैशाखात पाणी मागं हटतं आणि तळ उघडा पडतो. गाळाला भेगा पडल्या होत्या. घरांची जोती, एक दगडी उखळ, आंब्याची काळी खोडं. आबा प्रत्येक जोत्यापाशी थांबून घरवाल्याचं नाव घेत होते, घरात कुणी असावं तसं. एका जोत्यापाशी ते म्हणाले, “ही शाळा. हितं तुजा बाप छडी घिऊन बसायचा. आमाला मारायचा न्हाई, आमच्या पोरांस्नी मारायचा.”

मी खाचरं शोधत होतो. सगळीकडे सपाट गाळ. “बांध कुठं गेले?” मी विचारलं.

“मातीचं व्हतं. इरगळलं,” आबा म्हणाले. “दगडाची घरं ऱ्हायली, मातीचं बांध गेलं. आता कुनाचं कंचं, त्यो भैरवनाथच जानं.”

शालिनी शाळेच्या जोत्यावर बसली. मी छत्री धरून उभा होतो. “मला घरं आठवत नाहीत हो,” ती म्हणाली. “शाळेचं दार कुठल्या बाजूला होतं तेही नाही. काल सगळे सांगत होते तेव्हा मला लाज वाटत होती. पण भाजलेल्या राबावर बी टाकलं की त्या काळ्यातून जो हिरवा फुटायचा ना, तो हिरवा मी डोळे मिटून लावीन. आणि आम्ही निघालो तेव्हा मागं पाणी चढत होतं, त्याचा रंग. ते पाणी निळं नव्हतं.”

“मग तेच लाव,” मी म्हणालो.

“त्यांना घरं हवी आहेत.”

मी फिरकीचा तांब्या पुढं केला. ती पाणी प्यायली, आणि मग पदर खोचून गाळ उकरायला बसली. आम्ही दोघांनी छत्री भरून गाळ घरी आणला. छत्री अर्थात कामातून गेली.

गोठ्यातली चित्रशाळा

तिनं गोठ्यात जागा धरली. बांबूची चौकट हुसेनआबांनी बांधली. त्यावर दारापेक्षा मोठं मांजरपाट ताणलं. कापडाला खळ हवी, तर सगुणामावशींकडे पेज मागितली. मावशी कपाळावर हात मारून म्हणाल्या, “आंबेमोहराची पेज फडक्याला पाजती! यमे, तुजा बाप असता तर छडी काढली असती.” पण भांडं भरून दिली. गाळ चाळून डिंकाच्या पाण्यात कालवला, राबाची राख वेगळी कालवली. पिवडी तर माझ्या धोतरातून झटकून घेण्याइतकी होती. बाकीचे रंग पेटीतले.

दारावर तिनं चादर लावली होती आणि मलाही आत मज्जाव होता. दिवसभर मी अंगणात बसून करवंदं खायचो आणि दोन खांबांमधले निरोप ऐकायचो. गावचा जावई म्हणून रोज कुणीतरी गूळपाणी आणून द्यायचं आणि विचारायचं, “आमचं घर काढलं का वो?” मी म्हणायचो, “काढतेय, काढतेय.” दुसरं काय सांगणार? आत घरं नाहीत हे मला चादरीतूनही कळत होतं.

खरं सांगतो, मला भीती वाटत होती. वकिलाला तोंडावर उत्तर देता येतं. या माणसांना काय उत्तर देणार? ज्यांचं गाव एकदा गेलं, त्यांच्यापुढं गाव म्हणून रंग ठेवायचे. त्यांनी मान फिरवली तर ती बरोबरच. आणि मग ती पेटी मिटणार, आणि मला आग्रह करायची बंदी. मी भैरवनाथाला नारळ बोललो. भूगोलाच्या मास्तरानं असं करू नये, पण केलं.

मंडपात

चित्र मंडपात नेलं त्या दिवशी सगळं गाव जमलं होतं. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. धोंडिबा पुढच्या खांबाशी, तात्याबा मागच्या. हुसेनआबांनी चादर ओढली.

खाली गाळाचा रुंद तपकिरी पट्टा. त्याच्यावर राबाचे काळे चौकोन, पण कडा नसलेले, शेजारच्या रंगात पसरत गेलेले. एका काळ्यातून फुटणारा तो हिरवा. तो बघितल्यावर मला एकदम ओल्या मातीचा वास आला. मधे पिवडीचा पेंढा. आणि सगळ्यावरून चढत येणारं पातळ, राखाडी पाणी, ज्याच्यातून खालचं सगळं अजून दिसत होतं. घर एकही नाही. देऊळ नाही. झाड नाही.

मागून एक म्हातारी म्हणाली, “आगं बया, ही तर वाकळ!”

गोधडीला इकडं वाकळ म्हणतात. बायका खुदकल्या, मग पुरुष, मग सगळा मंडप. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण हसणं ते हसणंच. मी शालिनीकडे पाहिलं. ती खाली बसली होती आणि पेटीतल्या बाटल्या सारख्या करून ठेवत होती. तिनं पेटीचं झाकण खाली घेतलं.

तेवढ्यात तात्याबा पुढं आले. त्यांनी चित्राला नाक लावण्याइतकं जवळून पाहिलं, मग बोट टेकवलं. “ह्यो राब,” ते म्हणाले. “हिरवा फुटलेला. ह्यो आमचा राब हाये.”

मागची माणसं पुढं सरकली.

धोंडिबा आपल्या खांबाकडे वळले. “खांबा, सांग त्याला, त्यो आमचा राब. त्याचा अलीकडं व्हता. त्यो काळा ऱ्हायलेला, त्यो त्याचा.”

“खांबा, त्याला सांग, आमच्या राबाला चार दिस आदी हिरवा फुटायचा, आख्ख्या मावळाला ठावं हाये!”

“आरं तात्या,” धोंडिबा गरकन वळले, खांब सोडून, “चार दिस आदी तुजा फुटायचा? माजं शेन चोरून भाजायचास म्हनून फुटायचा!”

सगुणामावशींनी पदर तोंडाला लावला. धोंडिबांना आपण काय केलं ते कळायला क्षण लागला. तात्याबांना कळलं होतं.

“धोंड्या,” ते म्हणाले, “शेन म्या एकदाच नेलतं. आन् ते तुज्या आयनं दिलं व्हतं.”

मग जे सुरू झालं ते आवरेना. सगळा मंडप चित्राशी लोटला. ते पिवळं आमचं खळं. न्हाई, आमचं. हितं वढा व्हता, बग, हितं ओलं दिसतंय. ती वाकळ म्हणणारी म्हातारी चित्राच्या एका कोपऱ्याला हात लावून उभी राहिली आणि कुणाला काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पहिल्या संध्याकाळी कागदावर घरं मांडली तेव्हा माणूस उठून गेला होता. आज एकही घर नव्हतं आणि प्रत्येकाला आपली जागा सापडली होती. वकीलसाहेब, ऐकताय ना? माझी छाती अशी फुगली की बंडीचं बटण तुटलं. हे अलंकारिक नाही, बटण खरंच तुटलं.

शेवटी दोघे भाऊ शालिनीपुढं येऊन उभे राहिले. “यमे,” तात्याबा म्हणाले, “समदं झ्याक हाये. पन बांध कुटाय? बांध घाल.”

“व्हय,” धोंडिबा म्हणाले, “बांध पायजे. ह्याच्या अंगानं घाल, म्या सांगतो कुटं.”

“माज्या अंगानं? तुज्या अंगानं!”

शालिनी उठली. पेटीचं झाकण तिनं उघडलं, कुंचला भिजवला आणि दोघांपुढं धरला. “घालते की. तुमी दोगं मिळून सांगा कुटं घालू. पन एकच घालनार, आन् दोगांनी एकच जागा दावायची.”

त्या दिवशी त्यांचं एकमत झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही निघालो तेव्हा दोघे एकाच पायरीवर बसून, एकाच चिलमीवर, त्याच मुद्द्यावर तावातावानं बोलत होते. म्हणून चित्र भिंतीला टांगलं आहे आणि त्यात बांध नाही.

निघायच्या आधी हुसेनआबा म्हणाले, “पोरी, खाली नाव घाल. फुडच्या पोरांस्नी कळाया पायजे, कुनी काढलं.”

तिनं बारीक कुंचला घेतला आणि कोपऱ्यात लिहिलं: यमू, पंतोजींची.

मी घसा खाकरला. शालिनी नाही तर नाही, पण रीत म्हणून काही असतं. “आणि आडनाव?” मी विचारलं.

ती कुंचला धुवत होती. वर न बघता म्हणाली, “ते नाशकात लागतं. हितं न्हाई लागत.”

सगळा मंडप माझ्याकडे बघून हसला, आणि गावचा पिवळा जावई त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. नाव मी निवडलं होतं, आडनाव माझं होतं, आणि त्या भिंतीवर दोन्ही नाही. परत येताना कामशेतच्या फलाटावर भेटेल त्याला मी सांगत होतो, पळसवड्याला जा, मंडपातलं चित्र बघून या, ते आमच्या यमूनं काढलं आहे.